गॅरेजवाला नाही म्हणाला

उल्हासनगरात गाडी घेऊन गेलेल्या माणसाला 'होणार नाही' हे शब्द सहसा ऐकायला मिळत नाहीत. एका गाडीचं पुढचं धड आणि दुसरीचं मागचं जोडून तिसरी रस्त्यावर आणणारी माणसं तिथे आहेत, आणि ती गाडी तुमच्या शेजारून गेली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने माझ्या चेपलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि "काका, इसमें अब कुछ रहा नहीं. टोटल करवा दो," असं सांगितलं, तेव्हा मी लगेच ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

टोटल म्हणजे काय ते आधी सांगतो. अपघातानंतर गॅरेजवाला दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज लिहून देतो, त्याला इस्टिमेट म्हणतात. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन तो तपासतो. खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ जायला लागला तर कंपनी म्हणते, दुरुस्तीच्या नादी लागू नका, गाडी संपली असं धरू. मालकाला पैसे मिळतात आणि भंगारवाला गाडी उचलून नेतो. वरवर सगळं सरळ. पण गाडी संपली हे ठरवणारा माणूस कोण, आणि त्याला ती संपायला का हवी आहे, हे कोणी विचारत नाही.

मला विचारायची सवय आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. मशीनवरचा कारागीर म्हणे माल चांगला आहे, त्याचा सुपरवायझर म्हणे फारच चांगला आहे, आणि मी माप लावून म्हणे, परत न्या. माझ्या सहीशिवाय खोकं गेटबाहेर जात नसे. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि त्याचं मला वाईटही वाटत नसे. बायको अजून सांगते की लग्नात मी अंतरपाटाच्या कडेने वाकून बघत होतो, मुलगी तीच आहे ना याची खात्री करायला. हे साफ खोटं आहे. मी फक्त एकदा बघितलं होतं.

तर अपघात असा झाला. माझी मेहुणी वांगणीला एकटी राहते. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं दर रविवारी सकाळी तिच्याकडे जायचो आणि जेवून दुपारी अंबरनाथला परत यायचो. आमचं घर शिवमंदिराच्या बाजूला. गावातली गर्दी टाळायला मी बाहेरच्या रस्त्याने, पालेगावकडून यायचो. तिथे आता शेतांच्या जागी टॉवर उभे राहतायत आणि दिवसभर डंपर आणि विटांचे टेम्पो यांची ये-जा असते. त्या रविवारी वळणावर डावीकडून एक टेम्पो अचानक आला आणि आमच्या पुढच्या डाव्या अंगावर आदळला. बायको डावीकडेच बसली होती. तिने दोन्ही हात पुढे टेकवले, त्यात डावं मनगट तडकलं. मेहुणीने दिलेली गावठी अंडी गाडीभर झाली. मला खरचटलंही नाही.

टेम्पोवाला खाली उतरून उलट मलाच म्हणाला, "काका, मी कवापासून हॉर्न मारतोय, तुमी बघतच नाय." चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि तो फोटो दिसला की मला जन्मभर राग येईल असं तेव्हा वाटलं होतं.

गाडी छोटी, चंदेरी रंगाची. निवृत्त झालो तेव्हा घेतली. वयाच्या साठीत मी गाडी चालवायला शिकलो आणि पहिल्याच फेरीत पास झालो, हे मी आल्यागेल्याला सांगत असे. माझा मुलगा बदलापूरला त्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याचं मत असं की बाबांनी आता रिक्षाने फिरावं. म्हणजे ही गाडी गेली तर दुसरी गाडी घरात येणार नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडी दुरुस्त झाली तर मी चालवणार. टोटल झाली तर माझ्या हातातलं स्टिअरिंग कायमचं गेलं. एवढीच गोष्ट होती, पण ती माझ्यासाठी सगळीच होती. गाडी चालवताना मला निवृत्त झाल्यासारखं वाटत नसे.

तेव्हा मी संशयितांची चाचपणी सुरू केली.

पहिला अर्थात गॅरेजवाला. चांगला पन्नाशीचा, उल्हासनगरच्या कॅम्पात जन्मलेला सिंधी माणूस. मराठी छान समजतो, हिंदीत बोलतो, आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. बरीच वर्षं मी त्याच्याकडे जातोय. बंपर फुटला, "हो जाएगा." आरसा गेला, "हो जाएगा." एकदा गेटला घासून दरवाजा आत गेला, तेव्हाही "टेन्शन मत लो, हो जाएगा." आता मागे वळून बघताना वाटतं, मी त्याच्याकडे बऱ्याच वेळा जात होतो. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणतोय. कोल्हा काकडीला राजी असतो. याने समोर आलेली काकडी का सोडावी? मी हिशेब मांडला की हाच कोणामार्फत तरी माझी गाडी भंगाराच्या भावात उचलणार, तीन आठवड्यांत नवी करणार आणि कल्याणला विकणार.

दुसरा, सर्व्हेअर. तरुण मुलगा, पाठीला बॅग, हातात मोबाइल. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, खाली वाकून एक काढला आणि उभा राहिला. मी विचारलं, "खालून काय दिसलं?"

"काका, इस्टिमेट आलंय त्यावर मी बघतो ना. तुमची स्वतःची काय इच्छा आहे?"

आता मला सांगा, तपासायला आलेला माणूस मालकाची इच्छा विचारतो? मी कधी मशीनवाल्याला विचारलं नाही की बाबा रे, तुझी इच्छा काय, पास करू की नापास. याचंही काहीतरी असणार असं मी मनात धरलं. तो निघताना गॅरेजवाल्याने त्याच्याशी कोपऱ्यात दोन मिनिटं बोलणं केलं होतं, तेही मी बघून ठेवलं.

तिसरा, माझा मुलगा. हा मुलगा माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही घालतो. पण गाडीचा विषय निघाला की एकदम मऊ. "बाबा, जाऊ दे ना ती आता. खूप वापरली आपण." मुलगा गोड बोलायला लागला की बापाने खिसे चाचपावेत. त्याला मोठी, उंच गाडी घ्यायची होती, हे सुनेच्या तोंडून मी ऐकलं होतं. टोटलचे पैसे आले की 'बाबा, तुम्हाला कशाला लागतात' असं म्हणत ते तिकडे वळणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एकदा तर मी त्याला विचारलंच, "गॅरेजवाल्याचा नंबर तुझ्याकडे कधीपासून आहे?" तो म्हणाला, "बाबा, तुम्ही चहा घ्या."

बायको या सगळ्यात शांत होती. हात गळ्यात अडकवून एका हाताने जमेल तेवढं स्वयंपाकाचं बघत होती. रोज संध्याकाळी मी आलो की एवढंच विचारी, "गॅरेजवाला काय म्हणाला?" मी सांगे, तोच तोच पाढा. ती बरं म्हणे आणि आत जाई. मला वाटे, चला, घरात एका माणसाला तरी माझ्या गाडीची काळजी आहे.

इस्टिमेटची प्रत मी मागून घेतली होती. ती वाचताना मी कान टवकारले. बॉनेट, रेडिएटर, डावं मडगार्ड, डावा दरवाजा, हे सगळं मान्य. पण त्यात स्टिअरिंग होतं, गिअरबॉक्स होता आणि सगळ्यांत मोठी रक्कम गाडीच्या पुढच्या सांगाड्यावर होती. सांगाडा वाकला असं म्हटलं की गाडी संपलीच. आणि सांगाडा वाकला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मापाने कळतं. मला तेवढंच तर येतं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत टेप, खडू, सुतळी आणि कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला ओळंबा घेतला आणि सकाळीच कॅम्पातल्या गॅरेजवर जाऊन उभा राहिलो. गॅरेजवाला नुकताच शटर वर करून अगरबत्ती लावत होता.

"काका, ये क्या है?"

"माप घ्यायचंय."

"किसका?"

"तुझ्या इस्टिमेटचं."

त्याने गाडी जॅकवर घेऊन दिली, हे मात्र खरं. मी खाली कागद अंथरून सरकलो. सांगाड्यावरच्या चार ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर जिथे टोक येईल तिथे खडूने फुली करायची, गाडी बाजूला घ्यायची आणि फुल्यांमधली तिरकी अंतरं मोजायची. दोन्ही तिरपी सारखी भरली तर सांगाडा सरळ. त्या वयात फरशीवर आडवं पडून हे करणं सोपं नव्हतं, आणि अंडी फुटलेल्या गाडीला आठवडाभरात जो वास सुटतो तो मी कोणाला सांगणार नाही. पण मला मजा येत होती. खूप दिवसांनी मी कामावर होतो.

दोन्ही अंतरं सारखी भरली. मी टेप फिरवून पुन्हा मोजलं. केसाचाही फरक नव्हता. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडकलं नाही. मी उठलो, कपडे झटकले आणि हातातला खडू त्याच्या टेबलावर ठेवला.

"सांगाडा सरळ आहे. स्टिअरिंग सरळ आहे. खोटं कोणी लिहिलंय यात?"

त्याने चहावाल्याला दोन बोटं दाखवली. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"काका, मेरेको इसमें क्या मिलेगा, ये सोचो ना. गाड़ी बनाऊंगा तो मेरेको लेबर मिलेगा. टोटल किया तो कोई और उठाके ले जाएगा, मैं तो खाली हाथ."

"म्हणजे तू उचलणार नव्हतास?"

"आपकी गाड़ी?" तो हसला. "मेरे पास तो जगह भी नहीं है."

"मग का लिहिलंस? माझ्या मुलाने सांगितलं?"

"नहीं, काका."

"मग?"

त्याने हाताला लागलेलं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "आंटी का फोन आया था. पहले ही दिन. बोली, भाऊ, तुम कुछ भी लिखो, लेकिन ये गाड़ी वापस घर नहीं आनी चाहिए. मैंने बोला, आंटी, हो जाएगी ये तो. तो वो रोने लगी." त्याने चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "मैंने आज तक किसी को ना नहीं बोला. मेरेको भी अच्छा थोड़ी लगा."

मी तो चहा प्यायलो नाही. उल्हासनगर ते अंबरनाथ रिक्षात मी एकटाच होतो आणि डोकं फिरलं होतं. बायकोने, माझ्याच बायकोने, परक्या माणसाला फोन करून माझी गाडी मारायला सांगितली. मी कारणं शोधत होतो. मुलाने तिला फितवलं असेल. सूनबाईने गळ घातली असेल. वांगणीच्या बहिणीने सांगितलं असेल, की कशाला दर रविवारी येता. प्रत्येक कारणासाठी मला एकेक पुरावाही सापडत होता. माणूस संशय घ्यायचं ठरवतो तेव्हा पुरावे रस्त्यावर पडलेले मिळतात.

घरी ती ताट मांडीवर घेऊन बिरडं सोलत बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणून एकेक वाल उजव्या हाताच्या दोन बोटांत दाबून डाळ बाहेर काढत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"गॅरेजवाल्याला फोन कोणी केला?"

"मी," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"का?"

"मला आता होत नाही हो."

"काय होत नाही?"

"गाडी चालवणं."

मला वाटलं तिचं डोकं बिथरलं. "तू कुठे चालवतेस गाडी?"

तिने ताट बाजूला ठेवलं. "मग कोण चालवतं?"

हे सांगायला हवं की गाडीत ती सतत बोलते. रिक्षा आली. हळू. पुढे म्हैस आहे. पोरगं सायकलवर आहे, डावीकडून. खड्डा. बाई उतरतेय रिक्षातून. घर सोडल्यापासून वांगणी येईपर्यंत तिची ही टकळी चालू. मी तिला कंडक्टर म्हणत असे. पाहुण्यांसमोर तिची नक्कल करत असे आणि पाहुणे हसत, तीही हसे. मला दिसतं गं, मी सांगायचो, माझ्या चष्म्याचा नंबर दोन वर्षांत बदललेला नाही.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. गेटला घासली तेव्हाच मला कळलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? तुम्ही माझीच परीक्षा घेतली असती. म्हणून मी बघत बसायचे. म्हटलं, आपण आहोत ना शेजारी."

"टेम्पो अचानक आला होता."

"अचानक नाही आला. गल्लीतून हळूहळू बाहेर येत होता. हॉर्न देत होता. मी खाली बघत होते. ताईने दिलेली अंडी कलंडली होती, ती पिशवीत नीट लावत होते. वर बघितलं तर तो पुढ्यात. आणि तुम्ही सरळ बघत चालवत होतात, काही नसल्यासारखं." तिचा आवाज बदलला. "मी मान खाली घातली म्हणून झालं. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर लोक म्हणाले असते टेम्पोने मारलं. मला माहीत असतं ना कोणी मारलं ते."

मला राग यायला हवा होता. राग आला नाही, भीती वाटली. आणि भीती वाटली की मी जे करतो तेच केलं. तिला म्हटलं, ऊठ, पळी घेऊन ये.

मी खोलीच्या मधोमध उभा राहून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. तिला सांगितलं, माझ्या मागून, खांद्याच्या उंचीवर पळी धरून हळूहळू पुढे आण. दिसली की मी सांगतो. आधी उजवीकडून. पळी कानाच्या रेषेत आली न आली तोच मी म्हटलं, दिसली. मला जरा धीर आला.

"आता डावीकडून."

मी वाट बघत होतो.

"आण ना पुढे," मी म्हटलं.

"आणतेय."

"कुठे आणतेयस? नुसती उभी आहेस तू."

मला खरंच वाटलं की ती फसवतेय, मुद्दाम हात मागे धरून उभी आहे. मी मान वळवली. पळी माझ्या डाव्या गालाच्या पुढे, वीतभर अंतरावर होती. मी परत करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी घड्याळावरची नजर हलवली नाही, आणि पळी कुठून आली ते मला कळलं नाही. नव्हती, आणि मग एकदम नाकाशी होती. अचानक. टेम्पोही मला असाच आला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. काचबिंदू. डाव्याचं बरंच गेलंय, उजव्याचं सुरू झालंय. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंब घालून राखायचं. डॉक्टरला मी दोनदा विचारलं की मशीन बरोबर आहे ना. त्याने मला दुसऱ्या मशीनवर बसवलं.

मग बायको म्हणाली, "आता तरी टोटल करून टाका."

मी नाही म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर जो संशय आला तो मी ओळखला, आयुष्यभर मी तोच चेहरा घेऊन हिंडलोय. तिला वाटलं, गाडी दुरुस्त करतोय म्हणजे हा कधीतरी पुन्हा किल्ली उचलणार. मी सांगितलं की गाडी सरळ आहे, आणि सरळ मालाला मी वाकडा म्हणून सही करणार नाही, कोणासाठीही नाही. दुरुस्त करू आणि विकू. तिने माझ्याकडून देवासमोर वदवून घेतलं. दुसरी किल्ली तिने आपल्या कपाटात नेऊन ठेवली आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

गॅरेजवाल्याने खरं इस्टिमेट दिलं. सर्व्हेअर दुसऱ्यांदा आला तेव्हा कागद उलटसुलट करून माझ्याकडे बघत बसला. "काका, एवढं कमी कसं झालं?" आता त्याला माझा संशय येत होता. "मोजलं," मी म्हटलं. त्याने पुन्हा खाली वाकून फोटो काढला, या वेळी चांगले पाच-सहा.

गाडी छान झाली. मुलाला मी सगळं सांगितलं, तर त्याला आधीच ठाऊक होतं. आईने सांगितलं होतं. टोटलच्या पैशांबद्दल मी जे मनात आणलं होतं ते त्याच्याजवळ बोललो नाही. गाडी बदलापूरच्या एका शिक्षिकेने घेतली. तिला द्यायच्या आधी मी आतली सफाई केली, कारण दुसऱ्याने केलेली सफाई मला पटत नाही. माझ्या पायाखालचं रबरी मॅट होतं तसंच होतं. डावीकडचं, बायकोच्या पायाखालचं, मी उचललं तर उजव्या टाचेच्या जागी ते झिजून पार पातळ झालं होतं, बोट लावलं तर फाटेल असं. तिथे ब्रेक नसतो. मी ते गुंडाळून बाजूला ठेवलं आणि शिक्षिकेला नवं घेऊन दिलं.

शिक्षिका गाडी घेऊन गेली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि बायकोनेही आग्रह केला नाही.

पुढच्या रविवारी वांगणीला जायचं होतं. बदलापूरपर्यंत लोकलने गेलो आणि तिथून रिक्षा स्पेशल केली. रिक्षावाला तरुण होता, एका हाताने चालवत होता आणि मला तो अजिबात पसंत नव्हता. त्याचा बिल्ला कुठे दिसत नव्हता, मीटर बंद होतं, आणि भाडं विचारल्यावर तो जरा थांबून बोलला होता. मी त्याला दोनदा टोकलं. बायको डाव्या बाजूला बसली होती, प्लास्टर निघालेला हात मांडीवर ठेवून. पुढे कुठेतरी म्हशी रस्त्यात आल्या आणि त्याने करकचून ब्रेक मारला. माझं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. मी तिच्याकडे वळून बघितलं, ती काय बोलते ते ऐकायला.

ती झोपली होती. मान मागे टाकून, तोंड जरासं उघडं, अगदी गाढ. पदर खाली घसरला होता तो मी सावरून दिला, तरी तिला कळलं नाही. वांगणीत रिक्षा दारात थांबली तेव्हाही तिला हलवून उठवावं लागलं. मेहुणी बाहेर आली होती, ती बघतच राहिली.

"अगबाई, ही गाडीत झोपली?"

मी रिक्षावाल्याचे पैसे देत होतो, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. तिला गाडीत झोपच लागत नाही, असं मीच आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो.